शेपट्यांचा काढा

माझ्या नातीला, चुनथाओला, जुळी मुलं झाली त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगा आणि सून तिच्या मदतीला गेले आणि घरात मी, एक डुक्कर आणि थोड्या कोंबड्या एवढंच उरलं. म्हणून धाकट्या बहिणीला, यिनह्वानला, रक्त तपासायला तालुक्याच्या इस्पितळात न्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तिचा नवरा देछाई आणि मुलगा दोघेही दिवसभर शेतात असत. तांगक्वेई ह्या औषधी पिकाच्या मुळ्या खणायचे दिवस होते. जमीन गोठायच्या आत मुळ्या बाहेर आल्या नाहीत तर सगळी मेहनत मातीत जाते. त्या दिवसांत आमच्या खोऱ्यात कुणी मेलं तरी खांदेकरी दिवेलागणीलाच मिळतात.

यिनह्वानच्या छातीत गाठ निघाली होती. गव्हाच्या कापणीनंतर ती कापून काढली आणि लानचौ शहराच्या मोठ्या इस्पितळात केमो सुरू झाली. तीन डोस झाले. चौथ्याच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि तिला परत धाडलं. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. त्या वाढवायची सुई दिली, तेवढ्यापुरत्या चढल्या आणि पुन्हा घसरल्या. गावी जा, तालुक्यात रक्त तपासत राहा, पेशी वर आल्या की या, असं त्यांनी सांगितलं. निघताना एक डॉक्टर म्हणाला, "फार लांबवू नका हं. डोसांमध्ये मोठी फट पडली की आजार डोकं वर काढतो."

ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. रात्री कूस बदलली की ते पण कूस बदलायचं. दिवसा मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर यायची आणि दाणे हातातच ठेवून बहिणीच्या घराकडे चालायला लागायची. आम्हा दोघींना एकाच गावात दिलेलं. माझं घर वरच्या अंगाला, तिचं खालच्या. मधली वाट मी त्या महिन्यात झिजवली.

तालुक्याच्या इस्पितळात रक्ताचा कागद यंत्रातून निघतो. प्रत्येक आकड्यापुढे, तो कमी असला तर, खाली तोंड केलेला बाण असतो. मला बाकीचं कळत नसे, पण बाण कुणालाही कळतात. पहिल्या खेपेला तीन बाण होते. आम्ही तो कागद घेऊन मागच्या इमारतीत, देशी औषधांच्या विभागात गेलो. तिथे लु नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं यिनह्वानच्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि काढा लिहून दिला. ह्वांगछीची मुळी, तांगक्वेईचं धड म्हणजे मुळीचा मधला भाग, सुकी लाल बोरं, आणखी चार-पाच जिन्नस.

औषधांच्या खिडकीत एक जाडा माणूस तराजूवर पुड्या बांधत होता. तांगक्वेईच्या खणाला त्यानं हात घातला तशी यिनह्वान म्हणाली, "ते राहू द्या. आमच्याकडे घरचं आहे."

"धडाच्या चकत्या आहेत, मावशी. धुतलेल्या, पुसलेल्या."

"अहो, आम्ही पिकवतो ते. ते विकत नेलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"ह्या तालुक्यात सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला. "हा खण भरला तसाच आहे. उंदीर पण खात नाहीत."

"मग तुम्हीच उकळून प्या. रक्त वाढेल, गाल लाल होतील."

"गालांना काय झालंय माझ्या?"

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. मीही हसले. डोक्याला रुमाल गुंडाळलेली, भुवया झडलेली माझी बहीण पुन्हा चुरचुर बोलतेय हेच मला त्या दिवशी फार वाटलं.

इथे मुळीचं सांगायला हवं. तांगक्वेईला आम्ही माणसासारखे भाग पाडतो. वरचं जाड ते डोकं, मधलं ते धड, आणि खाली फुटलेल्या बारीक मुळ्या त्या शेपट्या. डोकं रक्त धरतं, धड रक्त भरतं, शेपट्या रक्त हलवतात, साचलेलं फोडून वाहतं करतात. हे आमच्याकडे पोरंसुद्धा तोंडपाठ म्हणतात. पण म्हणणं वेगळं आणि घरात वाटा पडणं वेगळं. डोकी व्यापाऱ्याच्या पोत्यात जातात. धडं पाहुण्यारावळ्यांना, शहरातल्या साहेबांना. आणि धुरावर वाळवताना तुटून पडलेल्या शेपट्या घरच्या मडक्यात. आम्ही दोघी बहिणींनी जन्मभर शेपट्याच खाल्ल्या. मांसाच्या रश्शात त्याच, बाळंतपणात त्याच.

काढा उकळायचं काम यिनह्वानच्या सासूचं. ही हौ म्हातारी ऐंशीच्या पुढची, पाठ वाकलेली, पण चुलीजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायची नाही. "ह्या घरात औषध मी उकळते," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सकाळी उकळायची, संध्याकाळी उकळायची, आणि दोन्ही वेळा चोथा वाडग्यात घेऊन, काठी टेकत, गावाच्या तिठ्यावर नेऊन टाकायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांना लागून दुखणं दूर निघून जातं, असं आम्ही मानतो. म्हातारी तिथे उभी राहून बघायची. कुणी चोथा ओलांडून कडेनं गेलं की ओरडायची, "मेल्या, तुझ्या पायाला काय सोनं लागलंय? तुडव की जरा!"

गावानंही हात आखडले नाहीत. कुणी शेंगदाण्यांची लाल सालं चोळून पुडीत बांधून आणली, कारण त्यानं प्लेटलेट वाढतात असं कुणीतरी कुणाला सांगितलं होतं. कुणी डुकराचं काळीज आणलं. देछाईनं गाढवाच्या कातड्याच्या काळ्या वड्या आणल्या, त्या पातळ करून यिनह्वान नाक धरून प्यायची. तिठ्याजवळ राहणारी छाओ वहिनी तर रोज नवं काही घेऊन यायची.

"कासवाचं रक्त पाज," ती म्हणाली. "माझ्या मावसभावाच्या साडूला त्यानंच उठवलं."

"तो साडू आता कुठंय?" यिनह्वाननं विचारलं.

"तो ट्रकखाली गेला. पण रक्त एकदम चांगलं होतं त्याचं."

यिनह्वान कांगवर, खालून तापलेल्या त्या विटांच्या ओट्यावर, रजई पांघरून हसायची. हसताना दातांच्या मुळांशी लाल रेघ दिसली मला एकदा. विचारलं तर म्हणाली, जोरात घासले गेले असतील.

दुसऱ्या खेपेला पांढऱ्या पेशींचा बाण तिथेच होता आणि प्लेटलेटचा आकडा आधीपेक्षा खूप खाली आला होता. तिसऱ्या खेपेला रक्त घ्यायला नर्सनं बाही वर केली आणि थांबली. कोपरापासून मनगटापर्यंत निळे डाग. जणू कुणी चिमटे काढून ठेवलेत.

"पडलात का?" नर्सनं विचारलं.

"नाही."

"मग मारलं कुणी?"

"ह्या वयात कोण मारणार? नवऱ्याला खणण्यातून वेळ नाही."

नर्स हसली नाही. तिनं सुई काढल्यावर कापूस किती तरी वेळ दाबून धरला, तरी रक्त थांबेना.

डॉक्टर लुनं कागद पाहिला, हात पाहिले, आणि काढा कसा करता, कुठल्या भांड्यात, किती वेळ, सगळं विचारलं. मग म्हणाली, "तांगक्वेई घरचं घालता ना? कुठला भाग?"

यिनह्वान माझ्याकडे न बघता म्हणाली, "धड. तुम्ही लिहिलं तेच."

डॉक्टरणीनं मान हलवली. आठवडाभर बघू म्हणाली, त्याहून खाली गेलं तर रक्त चढवायला लानचौला जावं लागेल. परतताना बसमध्ये यिनह्वान खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि मी तिच्या बाहीकडे बघत होते. तिनं "धड" म्हणताना आवाज खाली आणला होता. मी तिला तिच्या जन्मापासून ओळखते. खोटं बोलताना ती आवाज खाली आणते.

तिला घरी सोडलं आणि मी माझ्या घराकडे निघाले. निघाले म्हणजे पाय निघाले. तिठ्यापाशी ते थांबले. सकाळचा चोथा तिथे पडला होता. तीनचाकीच्या चाकांनी त्याची एक बाजू मातीत दाबली होती, दुसरी अजून ओली होती. मी खाली बसले आणि त्यात बोटं घातली.

तिठ्यावरचा चोथा कुणी उचलत नाही. तुडवला तर दुखणं वाटलं जातं, उचलला तर सगळं आपल्या घरी येतं. मी लहानपणापासून कधी त्याकडे वाकून बघितलंसुद्धा नव्हतं. पण बोटं थांबेनात. ह्वांगछीच्या पिवळ्या पट्ट्या निघाल्या. बोरांच्या बिया निघाल्या. आणि त्यांच्यामध्ये, म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या गुंतलेल्या, बारीक काळपट मुळ्या. मूठभर. धडाची एकही चकती नाही. सगळ्या शेपट्या.

"अगो बाई!" मागून छाओ वहिनी ओरडली. "वेड लागलं का तुला? टाक ते! टाक म्हणते ना!"

"काही नाही. अंगठी पडली माझी."

"तुझ्याकडे अंगठी कधी होती?"

मी शेपट्या रुमालात बांधल्या आणि तिच्यासमोरून निघाले. ती माझ्या वाटेतून दोन पावलं मागे सरली.

मी सरळ बहिणीच्या घरात शिरले. सासू मागे मुळ्यांची रास निवडत बसली होती, तिच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी कांगच्या कडेला रुमाल उघडला.

यिनह्वाननं एकदा पाहिलं आणि रजईचं टोक त्यावर ओढलं. "हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

"वास येतो, ताई. शेपट्यांचा वास मला कळत नाही का?"

"मग डॉक्टरणीला धड का सांगितलंस?"

"काय सांगू? माझी सासू मला शेपट्या पाजते म्हणून? त्या परक्या पोरीला?" तिचे ओठ कोरडे पडले होते. "म्हातारी पहाटे उठते. तिच्यानं उभं राहवत नाही, तरी चुलीपाशी उभी राहते. आणि मी म्हणू, आई, माझ्यासाठी मुळीचं डोकं कापा? ह्या घरात तिनं स्वतः कधी डोकं खाल्लंय?"

"तुझ्या हिरड्यांतून रक्त येतंय."

"केमोनंही येतं."

"येत असेल. पण एकीकडे रक्त धरायला माणसं नाहीत आणि दुसरीकडे शेपट्या पिऊन दार उघडून ठेवायचं?"

"ताई, तिला सांगू नकोस. ती मरेल ऐकून. तिला वाटतंय ती मला वाचवतेय."

मी काही कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी एकटी तालुक्याला गेले आणि डॉक्टर लुच्या टेबलावर रुमाल ठेवला. तिनं मुळ्या हातात घेऊन ताणून पाहिल्या.

"ह्यामुळेच प्लेटलेट उतरल्या असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "केमोनं उतरतातच. पण रक्त थांबायची ताकद कमी असताना त्याला धावायला लावणारं काही नको. आता घरचं काहीच नको, आजी. शेपटी नको, धड नको, डोकंही नको. माझ्या काढ्यातूनही मी तांगक्वेई काढून टाकते. आणि तो काढा सध्या दोन दिवस बंद. शेंगदाण्याची सालं, कासव, जे काय चाललं असेल ते सगळं मला आधी विचारायचं."

"कासव नाही पाजलं."

"बरं झालं."

बस सुटायला अवकाश होता. मी थांब्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. सांगायचं कसं ते सुचेना. गावात पोचले तर माझ्या अंगणात, काठीवर दोन्ही हात ठेवून, हौ म्हातारी बसली होती. वरच्या अंगापर्यंतचा चढ तिनं कित्येक वर्षांत चढला नव्हता.

"थोरले," ती म्हणाली, "रस्त्यावरून काय उचललंस?"

छाओ वहिनीनं सांगितलं होतं. आता खोटं बोलायला जागा नव्हती आणि मला आवाज खाली आणायची सवय नाही. मी सांगितलं. शेपट्या, प्लेटलेट, डॉक्टरीण, सगळं. शेवटचं, घरचं काहीच नको हे, सांगायच्या आधीच ती बोलायला लागली.

"मला सात मुलं झाली. दर वेळी माझ्या सासूनं मला शेपट्या उकळून दिल्या. खराब रक्त निघून जातं म्हणाली. मी जगले. माझ्या बहिणी दोघी मेल्या, त्यांच्या सासरच्यांनी कवडी खर्च केली नव्हती. मला वाटलं, शेपट्यांनीच जगले." तिनं नाक शालीला पुसलं. "केमोचं विष आहे ना तिच्या अंगात? मग निघून जायला नको का ते?"

"मावशी, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"मुद्दाम कुणाला छळायला मी काय देछाईचा बाप आहे?" ती उठली आणि माझं न ऐकता उतारानं निघाली. मी हाका मारत मागे. तिची काठी पुढे, ती मागे, आणि मी तिला धरू की नको ह्या विचारात.

घरी पोचताच ती मागच्या खोलीत गेली. तुळईला व्यापाऱ्याला दाखवायचा नमुना टांगला होता, त्या वर्षीच्या सगळ्यांत जाड डोक्यांची जुडी, लाल दोरीनं बांधलेली. तिनं स्टुलावर चढायचा प्रयत्न केला तसा शेतातून नुकताच परतलेला देछाई धावत आला.

"आई, काय करताय? उद्या माणूस येणार आहे बघायला!"

"येऊ दे. त्याला तुझं डोकं दाखव. तेही मोठंच आहे."

तिनं जुडी काढायला लावली, दोरी दातांनी सोडली आणि विळीवर पहिलं डोकं चिरलं. आत पांढरं, लोण्यासारखं. घरभर वास पसरला, शेपट्यांच्या वासाहून गोड. देछाई दारात उभा राहून बघत होता. मी तिला तीनदा सांगितलं, मावशी, डॉक्टरीण नको म्हणतेय, डोकंही नको म्हणतेय. ती ऐकत नव्हती. ऐकायला येत होतं, पण ती ऐकत नव्हती. चकत्या पाण्यात पडल्या, पाणी उकळलं, पिवळं झालं. मी चुलीपाशी येरझारा घालत होते. मडकं उलटवून टाकावं असं दोन वेळा हाताला आलं. पण ज्या म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा डोकं चिरलं, तिच्यासमोर ते ओतून टाकायला माझा हात धजेना.

तिनं वाडगा भरला आणि यिनह्वानपाशी नेला. दोन्ही हातांत धरून, जसा देवापुढे धरतात तसा.

"घे," ती म्हणाली. "डोकं आहे. धड पण नाही, डोकं."

यिनह्वान उठून बसली. तिनं वाडगा घेतला आणि वाफेवर तोंड धरलं. मी तिच्या ओठांकडे बघत होते. मी तिला ओळखते. तिला तो प्यायचा होता. औषध म्हणून नव्हे. छत्तीस वर्षं त्या घरात राबल्यावर सासूनं तिच्यासाठी डोकं कापलं होतं, आणि ते नाकारायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वाडगा ओठांपर्यंत गेला.

"यिनह्वान," मी म्हणाले, "तुला चौथा डोस हवाय की नको?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाडगा खाली आणला आणि सासूच्या हातात दिला.

"आई, तुम्ही प्या."

"मी? मला काय झालंय?"

"मला डॉक्टरणीनं मना केलंय. ताईनं तुम्हाला सांगितलं, तुम्ही ऐकलं नाहीत. मला नवीन रक्त यायला हवं आणि ते वाहून जायला नको. मी पिणार नाही. पण तुम्ही कापलंय ते वाया नाही घालवायचं. प्या माझ्यासमोर."

म्हातारी उभीच राहिली. मला वाटलं वाडगा आपटेल, नाहीतर रडेल. मग ती कांगच्या कडेवर टेकली, वाडग्यावर दोनदा फुंकर मारली आणि प्यायली. घोट घोट करत, तळ दिसेपर्यंत. तोंड पुसलं. जिभेनं दात चाचपले.

"चव तर शेपटीचीच आहे," ती म्हणाली.

यिनह्वान हसली. हसता हसता तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, हिरड्या दिसू नयेत म्हणून. देछाई बाहेर निघून गेला आणि उरलेली डोकी पुन्हा लाल दोरीनं बांधत बसला.

त्यानंतर सासूनं काढ्याला हात लावला नाही. बंद ठेवलेला काढा पुन्हा सुरू झाला तेव्हा तो मी उकळला, डॉक्टर लुच्या पुड्यांतून, घरचं काही न घालता. सासू शेजारी पाटावर बसून, मी पाणी किती घालते त्यावर कुरकुर करायची. लानचौहून पुन्हा सुई आली. निळे डाग पिवळे पडले, मग गेले. प्लेटलेट सुईनं वाढल्या, दिवस गेल्यानं वाढल्या की शेपट्या थांबल्यानं वाढल्या, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कागदावर एक बाण कमी झाला त्या दिवशी मी बस थांब्यावर एका जागी शांत बसून राहिले. जमीन गोठल्यावर, पहिल्या बर्फात, चौथा डोस पडला. ठरल्याहून पुष्कळ उशिरा.

हौ म्हातारी त्याच हिवाळ्यात, नववर्षाच्या आदल्या महिन्यात, झोपेत गेली. माझी बहीण यिनह्वान त्यानंतर तिसऱ्या वर्षी वसंतात, तांगक्वेईची रोपं लावायच्या दिवसांत, लानचौच्या इस्पितळात वारली. ती साठ वर्षांची होती.